कानगोष्टी : पुढचा हेडफोन घेण्याआधी

पाऊस लागला की माझ्या रत्नागिरीतल्या दुकानात दुरुस्तीला येणारे हेडफोन वाढतात आणि या सदराकडे येणारी पत्रंही. या खेपेला बहुतेकांचा सवाल एकच आहे : आता पुढचं काय घेऊ? लांबलचक पत्रं कापून छापली आहेत. नावं गाळली आहेत. एका पत्राखाली तर "घरी किंमत निम्मी सांगितली आहे, कृपया सांभाळून घ्यावे" अशी ओळच आहे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच.

देवगडहून एक बागायतदार लिहितात :

"आंब्याची गडबड संपली की गाणं ऐकायला सवड मिळते. सुरुवात दीड हजाराच्या इयरफोनपासून केली. मग ब्लूटूथचा मोठा हेडफोन घेतला, मग वायरवाला बंद हेडफोन, आणि गेल्या दिवाळीत सेनहायझरचा एचडी ६००. तो मोबाइलला यूएसबी डोंगल, म्हणजे हेडफोनची वायर जोडायचा छोटा अडॅप्टर, लावून ऐकतो. डोंगल दोन व्होल्ट देतो असं खोक्यावर लिहिलंय. जो तो सांगतो की ३०० ओहमच्या हेडफोनला दणकट अॅम्प म्हणजे अॅम्प्लिफायर नसेल तर त्याचा जीव गुदमरतो. पंचवीस हजारांचा एक अॅम्प बघून ठेवलाय. शिवाय माझ्याकडच्या जुन्या नाट्यगीतांच्या ध्वनिमुद्रणांत या हेडफोनवर खरखर जास्त आणि गोडवा कमी लागतो. अॅम्पने तो येईल? की हेडफोनच आणखी वरचा घेऊ?"

दोन्ही नको. का ते हिशेबानेच सांगतो, पेटीचा दर ठरवताना तुम्ही दलालाकडून हिशेब मागताच ना!

एचडी ६०० बाजारात आला १९९७ साली. एक व्होल्ट दिला की तो ९७ डेसिबल आवाज देतो, हा कंपनीनेच छापलेला आकडा. व्होल्ट दुप्पट केले की सहा डेसिबल वाढतात, म्हणजे तुमच्या डोंगलच्या दोन व्होल्टवर १०३ डेसिबल झाले. आता ऐकायचं किती? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली मिळून जे मानक काढलं, त्यात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा धरली आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा : ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ९२ ला जेमतेम अडीच तास. ख्यालाची मैफल सरासरी ७५-८० डेसिबलवर ऐकत असाल तर तिहाईची थाप किंवा तार सप्तकातली एखादी झेप त्याच्या वर पंधरा-वीस डेसिबल जाईल. झाले शंभर. डोंगलकडे अजून तीन शिल्लकच आहेत. पंचवीस हजार मोजून तुम्हाला जो आवाज मिळणार आहे, तो वापरलात तर पुढच्या वर्षी या सदराऐवजी कानाच्या डॉक्टरांना पत्र लिहाल.

तीनशे ओहमची भीती कुणी घातली कोण जाणे. ओहम जास्त म्हणजे हेडफोन करंट कमी ओढतो. दोन व्होल्टला तो सात मिलिअँपिअरसुद्धा घेत नाही, वॉटच्या भाषेत तेरा मिलिवॉट. त्याला व्होल्ट लागतात, आणि ते तुमच्याकडे आहेत. उलट कमी ओहमचे, पण कमी संवेदनशील असे काही प्लेनर म्हणजे सपाट पडद्याचे हेडफोन खरंच करंट मागतात. ते तुमच्याकडे नाहीत, आणि आता तेही बघायला लागू नका!

"पण अमक्याकडच्या ट्यूब अॅम्पवर, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवाल्या अॅम्पवर, हाच हेडफोन भरदार वाजतो" असं कुणी सांगितलं तर तो खोटं बोलत नसतो. या हेडफोनचा रोध, म्हणजे तेच ओहम, सगळ्या स्वरांना सारखा नसतो. शंभर हर्ट्झच्या आसपास तो ३०० वरून बराच वर चढतो. अॅम्पचा स्वतःचा आउटपुट रोध मोठा असला, जसा पुष्कळ ट्यूब अॅम्पचा असतो, की नेमका तेवढाच पट्टा फुगतो आणि पखवाजाच्या धुमेला वजन आल्यासारखं वाटतं. फरक खराच आहे. तोच फरक मोबाइलमधल्या इक्वलायझरने, म्हणजे स्वरांच्या पट्ट्या वरखाली करायच्या सोयीने, फुकट करता येतो : १०० हर्ट्झच्या आसपास तीन-चार डेसिबल वाढवा आणि एकूण पातळी तेवढीच खाली घ्या, नाहीतर मोठ्या आवाजाला आवाज फाटेल. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं अॅप आहे. याक्को पासानेन यांच्या ऑटोईक्यू प्रकल्पातली शेकडो हेडफोनांची तयार दुरुस्ती त्यात मिळते. एक संध्याकाळ त्याच्याशी खेळा. पसंत नाही पडलं तर बंद करा, पैसे परत मागायची भानगड नाही.

एवढं सांगूनही अॅम्पने फरक पडतो असं मनात असेल तर कुणाकडून तरी तो आठवड्यासाठी आणा आणि अशी परीक्षा घ्या. आधी आवाज समान करायचा, आणि तो कानाने नव्हे. दोन यंत्रांत एक किंचित मोठं वाजत असेल तर माणसाला तेच "मोकळं", "स्पष्ट", "जिवंत" वाटतं; ते मोठं वाजतंय हे त्याच्या लक्षातही येत नाही. शेतपंपाचं कनेक्शन तपासायला घरात साधा मल्टिमीटर असेलच. तो एसी व्होल्टवर लावा आणि ६० हर्ट्झचा एकसुरी स्वर वाजवा, कारण स्वस्त मल्टिमीटर घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला असतो, वरच्या स्वरांना त्याचा आकडा भरवशाचा नसतो. हेडफोन जोडलेला ठेवून दोन्ही यंत्रांच्या आउटपुटला एकच आकडा येईल असा आवाज लावा. एक टक्क्याचा फरक राहिला तर तो साधारण ०.१ डेसिबल, तेवढा चालेल. मग मुलाला पाठीमागे बसवा आणि नाणं उडवून तो न सांगता लावील त्या यंत्रावर ऐका आणि कुठलं ते ओळखा. दहा वेळा. पाच-सहा बरोबर आले तर तो नाण्याचा खेळ झाला. नुसत्या नशिबाने दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात एखादी, म्हणून नऊ आले तर मला कळवा, मी अॅम्पच्या बाजूने लिहीन. माझ्या ओळखीतल्या हौशी मंडळींपैकी कुणी अजून नऊ आणलेले नाहीत. काहींनी मुलावर फितुरीचा आरोप मात्र केला.

आता नाट्यगीतं. बालगंधर्वांच्या किंवा त्यांच्या काळातल्या कुणाच्याही तबकड्या ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. साधारण १९२५ पर्यंत गायक भोंग्यात तोंड घालून गात. मायक्रोफोन आणि विजेवरचं ध्वनिमुद्रण त्यानंतरचं. विजेवरच्या तबकड्यांतही पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर गाणं फारसं उरत नाही, उरते ती सुईची खरखर. तुमचा हेडफोन वीस हजारांपर्यंत इमानेइतबारे वाजवतो, म्हणून खरखरही इमानेइतबारे ऐकवतो. जुन्या स्वस्त इयरफोनवर ती वरची पट्टी दबलेली होती आणि तुम्ही तिला गोडवा म्हणत होतात. वरचा हेडफोन घेतलात तर खरखर आणखी सुबक ऐकू येईल, इतकंच.

उपाय दोन. इक्वलायझरमध्ये सहा हजारांच्या वरचं सगळं खाली ओढा, नाट्यगीतांसाठी ती वेगळी मांडणी जतन करून ठेवा. दुसरा उपाय फार थोड्यांना ठाऊक असतो. त्या तबकड्या एकपदरी म्हणजे मोनो, पण पुष्कळ संग्राहकांनी त्या स्टिरिओ सुईने उतरवल्या आहेत. गाणं दोन्ही कानांत एकच, खरखर मात्र डावीकडे वेगळी आणि उजवीकडे वेगळी. मोबाइलच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये "मोनो ऑडिओ" चालू केलात की दोन्ही बाजू मिसळतात, गाणं तसंच राहतं आणि खरखर तीनेक डेसिबल उतरते. गायक कपाळाच्या मधोमध येऊन बसतो तो वेगळाच. फाइल आधीच मोनो उतरवलेली असेल तर फरक पडणार नाही.

खर्च करायची खाज असेलच तर कानाच्या गाद्या बदला. एचडी ६०० च्या गाद्या वापराने चपट्या होतात, हेडफोनचा पडदा कानाला जवळ येतो आणि आवाज बदलतो. हळूहळू बदलत असल्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही, तो पुढचा हेडफोन शोधायला लागतो. दिवाळीपासून रोज ऐकत असाल तर अजून घाई नाही, पण बोटाने दाबून बघत जा.

आणि एक. हा हेडफोन पाठीमागून उघडा आहे. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असताना त्यात मंद्रातली आलापी ऐकायचा हट्ट धरू नका. आवाज वाढवाल, वरचा ८०-८३ चा हिशेब मोडेल. तेव्हा तुमचा बंद हेडफोन काढा. म्हणजे पावसाला बंद, बाकी वर्षाला उघडा, संपलं. ब्लूटूथवाला आणि पहिला इयरफोन भाच्यांना देऊन टाका. यापुढे काही घ्यावंसं वाटलं तर आधी वहीत एक वाक्य लिहून काढा : अमक्या ध्वनिमुद्रणात, अमक्या जागी, मला अमुक ऐकू येत नाही. हे वाक्य पुरं झालं तर मला पाठवा, उपाय सांगीन. वाक्य "अजून थोडी मजा यायला हवी" असं झालं तर नवं गाणं शोधा.

कुडाळहून एक विद्यार्थी विचारतो :

"मुंबईला रेल्वेने जाऊन येऊन असतो. दोन हजारांत नॉइज कॅन्सलेशनवाले वायरलेस बड घेऊ की वायरचे इयरफोन?"

वायरचे घे. या किमतीच्या बडमध्ये नॉइज कॅन्सलेशन खोक्यावर मोठं आणि कानात छोटं असतं. शिवाय आतली इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि ती बदलून देणारा माणूस सापडत नाही. मीही देत नाही. दोन हजारांच्या आतबाहेर मूनड्रॉप चू २ किंवा सेव्हन हर्ट्झचा झीरो मिळतो. दोन्हींची वायर सुटी होते, म्हणजे वायर तुटली तर इयरफोन जात नाही. मोबाइलला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा साधा डोंगल लागेल, तो बजेटमध्ये धर.

सोबत रबरी टोप्या तीन मापांच्या येतात. पुष्कळ जण मधली घालतात आणि "बास नाही" म्हणून वैतागतात. इयरफोन बोटाने हलकेच आत दाब. दाबल्यावर बास एकदम वाढला तर टोपी लहान आहे. दोन्ही कानांना वेगळं माप लागू शकतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. टोपी नीट बसली की रत्नागिरीजवळच्या करबुड्याच्या बोगद्यात, साडेसहा किलोमीटरच्या, खिडक्या उघड्या असताना जो कल्लोळ होतो तोही बराच बाहेर राहतो. महागातलं नॉइज कॅन्सलेशन तिथे जास्त चांगलं, हे खरं, कारण त्याची ताकद चाकांच्या घरघरीसारख्या खालच्या सलग आवाजावर चालते. वरच्या बर्थवरच्या बाळापुढे तेही हात टेकतं. गाणी मात्र घरून उतरवून घे, बोगद्यात रेंज नसते. आणि शिक्षण संपेपर्यंत दुसरा इयरफोन घेऊ नको.

गुहागरहून एक ताई, गाणं शिकणाऱ्या :

"गुरुजी पुण्याला असतात. क्लास ऑनलाइन होतो. वायरलेस बड लावून तबल्याच्या अॅपबरोबर गाते आणि रेकॉर्ड करून पाठवते. रेकॉर्डिंगमध्ये मी सारखी ठेक्याच्या मागे पडलेली असते, गुरुजी लय सांभाळ म्हणून सांगतात. दुसरं म्हणजे एरवी तंबोरा छान ऐकू येतो, पण क्लास सुरू झाला की तोच डब्यातून आल्यासारखा वाटतो. दहा हजारांचे बड घेतले तर हे जाईल का?"

नाही जाणार, ताई. आणि तुमच्या लयीत बहुधा काही खोट नाही.

ब्लूटूथमध्ये आवाज आधी आवळून बांधला जातो, मग पाठवला जातो, मग कानाशी उलगडला जातो. याला साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात. तुम्ही कानात ऐकू आलेल्या समेवर अचूक गाता, पण मोबाइलच्या लेखी ती सम केव्हाच होऊन गेलेली असते. तो तबला त्याच्या वेळेवर नोंदवतो आणि तुमचा आवाज तुमच्या. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची, म्हणजे २५० मिलिसेकंद. जवळजवळ अख्खी मात्रा हवेतच गेली. विलंबितात हे खपून जातं, द्रुतात उघडं पडतं. तुमच्याही रेकॉर्डिंगला हीच तऱ्हा असेल, तपासून बघा. साधे वायरचे इयरफोन लावून तीच बंदिश पुन्हा पाठवा.

डब्यातला तंबोरा हा दुसऱ्याच कारणाने. ब्लूटूथ बडचा माइक चालू झाला की बड आणि मोबाइल फोनवरच्या बोलण्याच्या पद्धतीवर उतरतात. गाण्यासाठीची रुंद वाट बंद होते आणि चार हजार, फार तर आठ हजार हर्ट्झपर्यंतची अरुंद वाट उरते, तीही मोनो. तंबोऱ्याची जवारी म्हणजे सगळा वरच्या स्वरांचा झंकार. तोच कापला जातो, आणि मागे नुसती तार उरते. दहा हजारांच्या बडमध्येही बहुतेक हेच होतं. वायर लावा.

क्लास झूमवर असेल तर सेटिंगमध्ये संगीतासाठी "ओरिजिनल साउंड" असा पर्याय आहे, तो चालू करा आणि गुरुजींनाही करायला सांगा. तो बंद असताना झूम सलग चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून गिळतं. पंखा, मिक्सर, बाहेरचा पाऊस आणि दुर्दैवाने तंबोरा, त्याच्या दृष्टीने सगळे सारखेच.

रियाजाला कान पूर्ण बंद करणारं काहीच नको. कान बंद झाले की स्वतःचा आवाज हाडांतून घुमतो, आपण भरदार गातोय असं वाटतं आणि आवाज नकळत खाली उतरतो. स्टुडिओत गायक एक कान उघडा ठेवतात ते याचसाठी. कॉसचा पोर्टा प्रो नावाचा हलका, उघडा हेडफोन १९८४ पासून त्याच रूपात विकला जातो. दिसायला आजोबांचा वाटतो, पण रियाजाला झकास. तो मिळाला नाही तर घरातले वायरचे इयरफोन एकाच कानात घाला.

वेंगुर्ल्याहून आलेलं पोस्टकार्ड :

"हेडफोनचा कातडा सोलपटून पडता हा, काळे कपचे गालार चिकटतत. जॅक फिरवलो की एका कानान ऐकाक येता. काय करूचा? नवो घेव?"

नवो कित्याक? कातडं सोलपटतं कारण ते कातडं नाहीच, कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर आहे. दमट हवेत तो थर ओलाव्यानेच आतून तुटत जातो. त्यात घाम मिसळला की काम आणखी लवकर होतं. घाटावर चार-पाच वर्षं टिकणारी गादी आपल्या किनाऱ्यावर दोन-तीन पावसाळ्यांत गळते. पावसाळाभर कपाटात बंद ठेवलेला, कधीही न वापरलेला हेडफोनसुद्धा गळून येतो आणि गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं.

गाद्या बदलून मिळतात. शक्यतो मूळ मापाच्या आणि मूळ प्रकारच्याच घ्या. बंद हेडफोनला मखमली किंवा कापडी गादी लावली तर कान थंड राहतात, पण कडेने हवा सुटते आणि बास पातळ होतो. मग माणूस म्हणतो हेडफोन बिघडला.

जॅकचं दुखणं खाऱ्या हवेचं. माझ्या टेबलावर भिंगाखाली असा जॅक धरला की कड्यांच्या सांध्यात हिरवट पूड दिसते, तांब्यापितळेला चढते ती. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून जॅक पुसा, मग तो मोबाइलमध्ये आठ-दहा वेळा आतबाहेर करा म्हणजे आतले पत्रे घासले जातात. खोबरेल, रॉकेल, अत्तर यांतलं काही लावू नका. तिन्ही लावलेले जॅक मी पाहिले आहेत. एवढ्याने नाही भागलं तर वायर जॅकच्या मानेशी आतून तुटली आहे. कापून नवा जॅक डागायला फार खर्च येत नाही, तालुक्याच्या गावात कुणीही करून देईल.

पुढच्या पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलची रंग बदलणारी पुडी टाका. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओल पुरी प्यायलेले आहेत. मंद आचेवर परतून वाळवले की पुन्हा नारिंगी होतात. तांदळाच्या डब्यात हेडफोन ठेवायचा सल्ला देणाऱ्यांनी जाळीत अडकलेला कोंडा काढायलाही यावं.

मालवणहून एक वाचक वडिलांविषयी लिहितात :

"बाबा ७० चे आहेत. कीर्तनं आणि बातम्या ऐकतात. मी चांगला महागाचा हेडफोन आणला, तरी आवाज येतो पण शब्द कळत नाहीत म्हणतात. आणखी चांगला कोणता?"

हेडफोन परत करता येत असेल तर करा आणि त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. "आवाज येतो पण शब्द कळत नाहीत" हे वाक्य ते रोजच ऐकतात. वयाप्रमाणे आधी वरच्या पट्टीतल्या आवाजांची श्रवणशक्ती जाते. बोलण्यातले स्वर म्हणजे अ, आ, ओ हे खालच्या पट्टीत असल्याने ऐकू येतात. स, श, थ, फ यांची ओळख वरच्या पट्टीत असते, ती पुसट होते. म्हणून "सात" आणि "हात" यांत गफलत. ऑडिओमेट्रीची तपासणी साधी असते, २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकवून आलेख काढतात, दुखत वगैरे काही नाही. आलेख पाहून श्रवणयंत्र लावायचं की कसं ते तेच सांगतील. यात उशीर करू नका. आणि तोवर बाबा हेडफोनचा आवाज पुरा चढवून बसत नाहीत ना, तेवढं बघा.

दापोलीहून दोन ओळी :

"हाय-रेझ गाण्यांची वर्गणी घेऊ का? आणि चांदीच्या वायरीने आवाज सुधारतो का?"

हाय-रेझ म्हणजे सीडीपेक्षा बारीक नोंदलेली गाणी, २४ बिट वगैरे. पण सीडीच पुरते : तिचे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ म्हणजे ९६ डेसिबलचा पल्ला आणि २२ हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर. माणसाचा कान लहानपणीच वीस हजारांपर्यंत जातो, चाळिशीनंतर पुष्कळांचा पंधराच्याही खाली येतो. दापोलीत रात्री बेडूक ओरडत असताना ९६ डेसिबलचा पल्ला मोजून दाखवणारा माणूस मला भेटायचाय. २४ बिट ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या कामाचे आहेत, चुकून पातळी कमी ठेवली गेली तरी सांभाळून घेतात. वर्गणी घ्यायचीच तर तुमच्या आवडीचे गायक ज्याच्याकडे जास्त आहेत त्याची घ्या.

चांदीने आवाज सुधारत नाही. जॅकवरचा सोन्याचा मुलामा मात्र आपल्याकडे कामाचा. आवाजासाठी नव्हे, वेंगुर्ल्याचं पोस्टकार्ड वर वाचलंत ना, त्यासाठी.

चिपळूणहून एक गृहस्थ विचारतात :

"वापरलेला हेडफोन निम्म्या किमतीत मिळतोय. घ्यावा का?"

वायरचा असेल तर जरूर. ब्लूटूथचा असेल तर बॅटरीचं वय विचारा, आणि तीन वर्षांच्या पुढे असेल तर नमस्कार करून या.

बघायला जाताना स्वतःचा मोबाइल न्या. आधी मोनो ऑडिओ चालू करून ओळखीच्या गायकाचं एकट्याच्या गळ्याचं काही लावा. आवाज कपाळाच्या मधोमध यायला हवा. एका बाजूला सरकत असेल तर हेडफोन उलटा घालून बघा. आवाज हेडफोनबरोबर बाजू बदलत असेल तर दोष त्याचा, न बदलता त्याच बाजूला राहिला तर दोष तुमच्या कानाचा. जॅक आणि वायरीची मान वाकवत कर्रकर्र होते का ऐका. मग टोन जनरेटरच्या कुठल्याही फुकट अॅपवर २० पासून २०० हर्ट्झपर्यंत स्वर हळूहळू चढवत न्या, मध्यम आवाजात. कुठेतरी मध्येच माशी गुणगुणल्यासारखं झालं तर घाबरून सौदा मोडू नका. बहुतेक वेळा गादीखालच्या जाळीतून आत शिरलेलं डोक्याचं केस पडद्याला टेकलेलं असतं. विकणाऱ्याला पाचशे कमी करायला लावा, घरी आणून गादी काढा आणि टॉर्चच्या उजेडात बारीक चिमट्याने ते केस ओढून घ्या. पडद्याला चिमटा लावू नका, आणि फुंकर तर मुळीच मारू नका.